सहावी (पुणे) डिव्हिजन आणि कूतचा वेढा (१९१४–१९१६) : पराभवाच्या कारणमीमांसेचा पुनर्विचार

प्रस्तावना

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्याच्या वतीने लढलेल्या भारतीय सैन्याचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने फ्रान्समधील आघाडीकडे जाते. तथापि भारतीय सैनिकांची सर्वांत मोठी संख्या ज्या आघाडीवर लढली, ती आघाडी मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची होय. या आघाडीवर सर्वप्रथम उतरलेली आणि अवघ्या दीड वर्षात संपूर्णपणे शत्रूच्या हाती पडलेली सैन्यरचना म्हणजे सहावी (पुणे) डिव्हिजन. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमारा येथे या डिव्हिजनने शरणागती पत्करली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील यॉर्कटाउननंतर ब्रिटिश सैन्यावर असा प्रसंग क्वचितच आला होता.

या पराभवाची अनेक कारणे सांगितली गेली. त्यांपैकी एक कारण विशेष लोकप्रिय झाले. भारतीय शिपायांनी धर्म व जात यांच्या भयाने घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला, त्यामुळे धान्यसाठा लवकर संपला आणि सुटकेसाठी येणाऱ्या सैन्याला पुरेसा अवधी मिळाला नाही, असे हे प्रतिपादन आहे. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मसमर्थनपर ग्रंथातही या मुद्द्याला महत्त्वाचे स्थान दिले. प्रस्तुत लेखात पुणे डिव्हिजनच्या युद्धकालीन वाटचालीचा आढावा घेऊन हे प्रतिपादन कितपत टिकते, याची तपासणी केली आहे. डिव्हिजनचे भवितव्य शिपायाच्या ताटात ठरले नाही. ते त्याआधीच सिमल्याच्या कार्यालयात, बसऱ्याच्या धक्क्याविना बंदरात आणि टायग्रिस नदीवरील अपुऱ्या बोटींत ठरून गेले होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

डिव्हिजनची घडण

१८९५ मध्ये मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांची स्वतंत्र सैन्ये संपुष्टात आली आणि एकसंध भारतीय सैन्याची उभारणी सुरू झाली. सरसेनापती लॉर्ड किचनर यांनी १९०३ पासून पलटणींना नवे क्रमांक दिले व सैन्याची डिव्हिजनवार पुनर्रचना केली. या पुनर्रचनेतून सहावी (पुणे) डिव्हिजन अस्तित्वात आली. तिच्या तीन पायदळ ब्रिगेडची मुख्य ठाणी मुंबई इलाख्यातच होती. १६ वी ब्रिगेड पुण्याची, १७ वी अहमदनगरची आणि १८ वी बेळगावची.

प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक ब्रिटिश व तीन भारतीय पलटणी असत. १६ व्या ब्रिगेडमध्ये दुसरी डॉर्सेट, २० वी पंजाबी, १०४ वी वेलस्लीज रायफल्स व ११७ वी मराठा या पलटणी होत्या. १७ व्या ब्रिगेडमध्ये पहिली ऑक्सफर्ड अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्री, २२ वी पंजाबी, १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री व ११९ वी इन्फंट्री यांचा समावेश होता. १८ व्या ब्रिगेडमध्ये दुसरी नॉरफोक, ७ वी राजपूत, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व १२० वी राजपुताना इन्फंट्री या पलटणी होत्या. म्हणजेच तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती. नाव पुण्याचे असले, तरी डिव्हिजन केवळ मराठी भाषकांची नव्हती. पंजाबी मुसलमान, शीख, राजपूत, जाट, दख्खनी मुसलमान आणि कोकण व देशावरचे मराठे असे तिचे मिश्र स्वरूप होते. खाण्यापिण्याच्या आचारांविषयी ‘भारतीय शिपाई’ असा एकच साचा वापरणे कसे दिशाभूल करणारे ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

येथे आणखी एक संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या काळात ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धांत बळावला. त्यानुसार वायव्येकडील जमाती श्रेष्ठ व मुंबई-मद्रासकडील शिपाई दुय्यम मानले जाऊ लागले. १९१४ मध्ये जहाजावर चढलेल्या मराठा पलटणींवर या मताची छाया होती.

बसऱ्यापासून बगदादच्या वाटेवर

मोहिमेचा मूळ हेतू मर्यादित होता. इराणच्या आखातावरील अबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच या कंपनीत निम्म्याहून अधिक भांडवल गुंतवले होते. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत असताना हा कारखाना व तेथे येणारी नळवाहिनी यांचे रक्षण करणे, तसेच आखातातील अरब शेखांना दिलासा देणे, एवढेच प्रारंभी अपेक्षित होते.

ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांच्या हाताखाली १६ वी ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. ब्रिटन व तुर्कस्तान यांच्यात युद्ध जाहीर होताच ६ नोव्हेंबर रोजी ती शत-अल-अरबच्या मुखाशी असलेल्या फाओ येथे उतरली. पाठोपाठ लेफ्टनंट जनरल आर्थर बॅरेट यांच्यासह उर्वरित डिव्हिजन येऊ लागली. २२ नोव्हेंबरला बसरा ताब्यात आले व ९ डिसेंबरला टायग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या संगमावरील कुर्ना पडले. तेलाच्या रक्षणाचे मूळ उद्दिष्ट येथे बहुतांशी साध्य झाले होते.

एप्रिल १९१५ मध्ये तुर्की सैन्याने बसऱ्याच्या पश्चिमेकडील शैबा येथील तळावर मोठा हल्ला चढविला. १२ ते १४ एप्रिल या तीन दिवसांच्या लढाईत मेजर जनरल मेलिस यांच्या नेतृत्वाखाली पुणे डिव्हिजनच्या १६ व्या व १८ व्या ब्रिगेडने, म्हणजे ११७ व्या व ११० व्या मराठा पलटणींसह, निर्णायक कामगिरी केली. ब्रिटिश बाजूची हानी हजाराहून अधिक होती. पराभूत तुर्की सेनापती सुलेमान अस्करी याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढे जाण्याचा मोह मात्र याच विजयातून निर्माण झाला. याच महिन्यात मोहिमेची सूत्रे आक्रमक वृत्तीच्या जनरल जॉन निक्सन यांच्याकडे आली आणि पुणे डिव्हिजनच्या सेनापतिपदी टाउनशेंड यांची नेमणूक झाली. १८९५ मध्ये चित्रळच्या वेढ्यात टिकाव धरल्यामुळे टाउनशेंड यांचे नाव आधीच गाजलेले होते.

३१ मे १९१५ रोजी पुरामुळे समुद्रासारख्या दिसणाऱ्या कुर्नाच्या परिसरात १७ व्या ब्रिगेडने ‘बेलम’ नावाच्या शेकडो लांबट अरबी होड्यांतून हल्ला केला. सह्याद्रीच्या पायवाटांवर वाढलेल्या १०३ व्या मराठा पलटणीच्या शिपायांनाही या होड्या बांबूने रेटत नेण्याचा सराव करावा लागला. ३ जूनला नदीतून वेगाने पाठलाग करणाऱ्या छोट्या तुकडीपुढे अमारा शहर शरण आले. २८ सप्टेंबरला कूतजवळील तुर्की मोर्चेही मोडले गेले. दहा महिन्यांत डिव्हिजनला एकही पराभव माहीत नव्हता. परंतु प्रत्येक विजयागणिक बसऱ्याचा तळ मागे पडत होता आणि पुरवठ्याचा धागा अधिकाधिक बारीक होत होता.

पुरवठा : खरा प्रश्न

मेसोपोटेमियात १९१५ मध्ये सैन्याच्या कामाची रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते. बसऱ्याला मोठ्या जहाजांसाठी धक्के नव्हते. सागरी जहाजे नदीच्या मध्यावर नांगरून त्यांतील माल ‘माहेला’ या शिडाच्या देशी होड्यांत उतरवावा लागे. तेथून पुढे सर्व भिस्त टायग्रिस नदीवर होती. बसऱ्याहून बगदाद नदीमार्गे सुमारे ५०० मैल दूर आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नदीचे पाणी उतरते, पात्र वळणावळणाचे व वाळूच्या बांधांनी भरलेले होते आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या वाफेच्या बोटी गरजेच्या मानाने फारच थोड्या होत्या. सैन्य दुप्पट अंतरावर गेले, की तेवढ्याच बोटींच्या फेऱ्या निम्म्यावर येत. ही साधी त्रैराशिकाची गोष्ट होती. तिच्याकडे डोळेझाक झाली.

याचे मूळ प्रशासकीय रचनेत होते. १९१६ च्या फेब्रुवारीपर्यंत ही मोहीम लंडनचे वॉर ऑफिस चालवीत नव्हते. ती भारत सरकार चालवीत होते. सरसेनापती ब्यूशँप डफ सिमला व दिल्ली येथून तारांद्वारे निर्णय देत असत. युद्धपूर्व काळापासून भारत सरकारचे धोरण लष्करी खर्चात काटकसर करण्याचे होते आणि तीच सवय युद्धातही कायम राहिली. बोटींची मागणी उशिरा झाली व पुरवठा त्याहूनही उशिरा झाला. नदीला पूरक म्हणून बसरा ते नासिरिया रेल्वे बांधण्याचा प्रस्ताव १९१५ मध्ये खर्चाच्या कारणास्तव नाकारला गेला. अशा स्थितीत बगदादवर चाल करण्याविषयी टाउनशेंड स्वतः साशंक होते. कूत जिंकल्यानंतर तेथेच स्थिरावण्याचा सल्ला त्यांनी वरिष्ठांना दिला होता. निक्सन यांनी तो मानला नाही. गॅलिपोलीतील अपयशाने अस्वस्थ झालेल्या लंडनच्या मंत्रिमंडळालाही पूर्वेकडे एखादा झळाळता विजय हवा होता. ऑक्टोबर १९१५ मध्ये चढाईस संमती मिळाली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या दक्षिणेस टेसिफॉन येथे, प्राचीन सासानी राजवाड्याच्या भव्य कमानीच्या परिसरात, डिव्हिजन तुर्की सैन्यावर तुटून पडली. पहिली मोर्चेरेषा तिने जिंकलीही. परंतु शत्रूला ताजी कुमक मिळाली होती आणि डिव्हिजनच्या पाठीशी कोणतीही राखीव फौज नव्हती. सुमारे ४,६०० माणसे ठार वा जखमी झाली. लढणाऱ्या बळाचा एक तृतीयांशाहून मोठा भाग एका लढाईत खर्ची पडला.

जखमींचे जे हाल झाले, त्यांतून पुरवठ्याच्या प्रश्नाचे खरे स्वरूप उघड होते. रुग्णवाहिका जवळपास नव्हत्याच. हाडे मोडलेल्या माणसांना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांवर घालून कित्येक मैल दूरच्या नदीकाठी नेण्यात आले. तेथून त्यांना बोटींवर दाटीवाटीने निजवून बसऱ्याकडे पाठविले गेले. प्रवासास आठवड्याहून अधिक काळ लागला. ‘मेजिदिया’ ही बोट बसऱ्यास लागली तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांनी पाहिलेले दृश्य पुढे चौकशी आयोगापुढे आले. हगवणीने व जखमांनी ग्रासलेली माणसे आपल्याच घाणीत दिवसेंदिवस पडून होती, बहुतेकांची मलमपट्टी बदललेली नव्हती. ही वस्तुस्थिती वरिष्ठांना कळविल्याबद्दल कार्टर यांनाच कारवाईची धमकी देण्यात आली. कूतचा वेढा पडण्यापूर्वीची ही घटना आहे. त्या वेळी घोड्याच्या मांसाचा प्रश्न उपस्थितही झाला नव्हता.

वेढा : शिधा, अंदाज आणि घोड्याचे मांस

माघार घेत डिव्हिजन ३ डिसेंबर १९१५ रोजी कूत येथे पोहोचली. टायग्रिसने तीन बाजूंनी वेढलेल्या या वळणात थांबण्याचा निर्णय टाउनशेंड यांनी घेतला. थकलेले सैन्य पुढे चालू शकत नव्हते, हे त्याचे कारण सांगितले गेले व ते निराधार नव्हते. परंतु त्या निर्णयाबरोबरच सुटकेची जबाबदारी बसऱ्यातील अपुऱ्या तळावर पडली. ७ डिसेंबरला वेढा पूर्ण झाला. आत लढाऊ सैनिक व अनुयायी मिळून सुमारे १५,००० माणसे होती, शिवाय गावातील सुमारे ६,००० अरब नागरिक. २४ डिसेंबरच्या रात्री तुर्कांनी ईशान्येकडील मातीच्या किल्ल्यावर निकराचा हल्ला केला. १०३ वी मराठा, ११९ वी इन्फंट्री व ऑक्सफर्ड अँड बकिंगहॅमशायर पलटण यांनी तो हातघाईच्या लढाईत परतवून लावला. त्यानंतर शत्रूने मोठ्या हल्ल्यांचा नाद सोडून उपासमारीवर भिस्त ठेवली.

आता कळीचा प्रश्न शिध्याचा होता. डिसेंबरच्या आरंभी ब्रिटिश सैनिकांना एक महिना व भारतीयांना दोन महिने पुरेल इतके धान्य असल्याचे टाउनशेंड यांनी कळविले. या माहितीमुळे सुटकेसाठी जमणाऱ्या जनरल एल्मर यांच्या फौजेला घाई करावी लागली. फ्रान्सहून येणाऱ्या लाहोर व मीरत डिव्हिजनच्या पलटणी बसऱ्यास उतरतील तशा, तोफा, वाहतूक व रुग्णालये मागे ठेवून, पुढे धाडण्यात आल्या. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी व हन्ना येथील तीन लढायांत या फौजेची हानी आठ हजारांच्या आसपास झाली. त्यानंतर, जानेवारीच्या अखेरीस, कूतमधील घरांची कसून झडती घेण्यात आली आणि दडवलेले मुबलक धान्य सापडले. घोडे-खेचरे धरून आणखी ८४ दिवस निभाव लागेल, असा नवा हिशेब टाउनशेंड यांनी कळविला. ही झडती डिसेंबरमध्येच झाली असती, तर सुटकेच्या फौजेला पूर्ण तयारीनिशी निघता आले असते. म्हणजे वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय अंदाजाच्या चुकीतून झाला होता, आणि तो अंदाज शिपायांनी केलेला नव्हता.

जनावरे मारण्यास जानेवारीच्या अखेरीस सुरुवात झाली. ब्रिटिश सैनिकांनी घोड्याचे मांस स्वीकारले, बहुसंख्य भारतीयांनी नाकारले. या नकारामागील सामाजिक वास्तव समजून घेणे आवश्यक आहे. शिपायाची भीती केवळ पारलौकिक नव्हती. गावी परतल्यावर आपण जातीबाहेर पडू, रोटी-बेटीचे व्यवहार तुटतील, मुलींची लग्ने जमणार नाहीत, असे त्याला वाटत होते. ज्या प्रदेशात दसऱ्याला घोडा सजवून त्याची पूजा होते, तेथून आलेल्या माणसाला त्याच पलटणीच्या घोड्याचे मांस सहज गिळता येणार नव्हते. पगारातून शेतसारा व सावकाराचे देणे फेडण्यासाठी सैन्यात आलेल्या माणसाचे गावातील स्थान हेच त्याचे भांडवल होते. ते गमावले तर जिवंत परतण्यालाही फारसा अर्थ उरत नव्हता. भारतातील हिंदू व मुसलमान धर्मप्रमुखांकडून अनुज्ञा मागवून ती बिनतारी संदेशाने कूतला कळविण्यात आली. तरीही संकोच गेला नाही, कारण दूरच्या धर्माधिकाऱ्याची संमती व गावच्या भावकीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

या नकाराची किंमत प्रथम शिपायांनीच मोजली. भाजीपाला नव्हता, मांस नव्हते, पीठ रोज घटत होते. रक्तपितीने माणसे खचू लागली, साध्या जखमाही भरून येईनात. काहींनी रानातील पाला शिजवून खाल्ला व त्यातून आजार झाले. शिधा उतरत उतरत एप्रिलच्या उत्तरार्धात दिवसाला सुमारे ४ औंस पिठावर आला. एप्रिलच्या मध्यापर्यंत, मांस न खाणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती देण्याचा इशारा मिळाल्यावर, बहुसंख्य भारतीय सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले होते.

आधी खाल्ले असते तर काय झाले असते, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. धान्याची काही बचत निश्चितच झाली असती आणि शिपाई अधिक सशक्त राहिले असते. परंतु तेवढ्याने सुटका झाली असती, असे म्हणण्यास आधार मिळत नाही. ८ मार्चला दुजैला येथील मोठा प्रयत्न फसला. जनरल गॉरिंज यांच्या हाताखाली एप्रिलमध्ये सन्नैयात येथे केलेले हल्ले पुराच्या चिखलात रुतले आणि २२ एप्रिलचा शेवटचा हल्लाही परतविला गेला. सुटकेच्या फौजेने एकूण सुमारे २३,००० माणसे ठार वा जखमी होऊन गमावली. कूतमध्ये अडकलेल्यांहून ही संख्या मोठी आहे. ती फौज थकून थांबली होती. कूतमध्ये आणखी काही आठवड्यांचे अन्न असते, तरी मे महिन्याच्या उष्म्यात, त्याच अपुऱ्या बोटींवर विसंबून, तीच फौज मोर्चे फोडू शकली असती असे दिसत नाही. बगदाद जिंकायला मार्च १९१७ उजाडावा लागला. आणि ते शक्य झाले, त्यामागे जनरल मॉड यांच्या काळात बसऱ्याला बांधलेले धक्के, टाकलेली रेल्वे व वाढविलेला बोटींचा ताफा होता.

अखेरचे उपाय निष्फळ ठरले. विमानांतून काही टन अन्न टाकण्यात आले. युद्धेतिहासातील अशा स्वरूपाच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक होय. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन रसद घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही बोट वाटेतच शत्रूच्या हाती पडली. तुर्की सेनापती खलील पाशा यांना पैसे देऊ करण्यात आले, ते नाकारले गेले. १४७ दिवसांचा वेढा २९ एप्रिलला संपला.

बंदिवास आणि मोजदाद

अधिकृत इतिहासानुसार कूत येथे २७७ ब्रिटिश अधिकारी, २०४ भारतीय अधिकारी, २,५९२ ब्रिटिश शिपाई, ६,९८८ भारतीय शिपाई व ३,२४८ भारतीय अनुयायी शत्रूच्या हाती पडले. एकूण १३,३०९ माणसांपैकी १०,४४० भारतीय होती. दर पाच बंदींमागे जवळजवळ चार. यातील अनुयायी म्हणजे भिश्ती, मेहतर, आचारी, धोबी, खेचरवाले व डोलीवाले. युद्धवर्णनांत त्यांना क्वचितच स्थान मिळते. पण वेढ्यातील प्रत्येक चौथा बंदी हा असा बिनहत्यारी माणूस होता.

टाउनशेंड यांना कॉन्स्टँटिनोपलजवळील बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना मात्र बगदाद, समारा, मोसुलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत शेकडो मैल वाळवंटातून चालविण्यात आले. ब्रिटिश शिपायांना अनातोलियात बगदाद रेल्वेच्या बोगद्यांवर जुंपले गेले. भारतीयांपैकी अनेकांना रास-अल-ऐन येथे रुळांच्या कामावर ठेवले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे ७० टक्के मरण पावले वा बेपत्ता झाले. भारतीयांपैकी मृतांची संख्या अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान धरली जाते. एक आकडा टक्क्यांत सांगता येतो आणि दुसरा ‘दरम्यान’ सांगावा लागतो. हा फरकच भारतीय बंदींची नोंद किती सैलपणे ठेवली गेली, याची साक्ष देतो.

बंदिवासाचे भारतीय बाजूने लिहिलेले महत्त्वाचे वर्णन बंगालीत आहे. बेंगॉल ॲम्ब्युलन्स कोअरचे शिशिरप्रसाद सर्वाधिकारी टेसिफॉन व कूत येथे डिव्हिजनबरोबर होते. त्यांचे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कूतचा बहुतांश इतिहास ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या रोजनिशांतून व आठवणींतून घडला आहे. ज्यांनी घोड्याचे मांस नाकारले, त्यांचे म्हणणे त्यांना नाकारताना पाहणाऱ्यांच्या लेखणीतूनच बहुधा आपल्यापर्यंत पोहोचते. कारणमीमांसेत शिपायाच्या आहाराला एवढे वजन का मिळाले, याचे एक उत्तर येथे सापडते.

राजकीय परिणाम

लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाला. त्यात निक्सन, डफ, व्हाइसरॉय हार्डिंग व भारतमंत्री चेंबरलेन यांच्यावर वेगवेगळ्या प्रमाणात दोष ठेवण्यात आला. बगदादवरील चढाई अपुऱ्या साधनांनिशी केली गेली, हा अहवालाचा गाभा होता. चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. अहवालावरील चर्चेत एडविन माँटेग्यू यांनी भारत सरकारची यंत्रणा ताठर व कालबाह्य झाल्याची कठोर टीका केली आणि काही दिवसांतच ते भारतमंत्री झाले. २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांनीच केली. या घोषणेमागे अनेक कारणे होती. तथापि भारत सरकारच्या कार्यक्षमतेवरील विश्वास डळमळीत करण्यात पुणे डिव्हिजनच्या शोकांतिकेचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक कालयोग नोंदविण्याजोगा आहे. २८ एप्रिल १९१६ रोजी, शरणागतीच्या आदल्या दिवशी, लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावात. म्हणजे डिव्हिजनच्या १८ व्या ब्रिगेडच्या गावी. पाठोपाठ ३१ मे व १ जून रोजी त्यांची गाजलेली व्याख्याने झाली ती १७ व्या ब्रिगेडच्या अहमदनगरात. या दोन घटनामालिकांत कार्यकारणसंबंध जोडणे अनैतिहासिक ठरेल. परंतु ज्या छावणीगावांनी साम्राज्याला माणसे दिली, तीच गावे त्याच आठवड्यांत स्वराज्याची भाषा ऐकत होती, एवढे निश्चित.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, पुणे डिव्हिजनचा पराभव हा प्रामुख्याने वाहतूक व पुरवठा यांच्या अभावाचा आणि त्या अभावाकडे दुर्लक्ष करून वाढविलेल्या उद्दिष्टांचा परिणाम होता. दुसरा, शिध्याच्या चुकीच्या अंदाजाने सुटकेच्या मोहिमेची जी हानी केली, ती आहारविषयक नकारामुळे झालेल्या हानीपेक्षा अधिक निर्णायक होती. तिसरा, घोड्याच्या मांसाचा नकार हे वास्तव होते व त्याने शिपायांचे अतोनात हाल केले. परंतु त्याला पराभवाचे कारण ठरविणे म्हणजे वरिष्ठांच्या चुकीचे खापर शिपायाच्या ताटावर फोडणे होय.

१०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुन्हा उभारल्या गेल्या. मेसोपोटेमियातील सेवेबद्दल ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी मराठा लाइट इन्फंट्रीच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या पलटणी झाल्या. दुय्यम ठरविलेल्या शिपायांविषयीचे मत बदलण्यास या मोहिमेने हातभार लावला, ही एक बाजू झाली.

दुसरी बाजू बसरा येथील स्मारकावर दिसते. १९२९ मध्ये अनावरण झालेल्या या स्मारकावर मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांची स्मृती जतन केली आहे. ब्रिटिश अधिकारी व शिपाई, तसेच भारतीय अधिकारी यांची नावे तेथे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या नोंदविली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने २०२१ मधील आपल्या अहवालात अशा विषम वागणुकीची कबुली दिली. ज्या शिपायांना पराभवाचा दोष देताना इतिहासाने त्यांच्या जेवणाची इतकी बारकाईने चौकशी केली, त्यांची नावे लिहून ठेवण्याची तसदी मात्र घेतली नाही. पुणे, अहमदनगर व बेळगाव परिसरातील महाविद्यालयांनी गावोगावचे स्मृतिफलक, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे व कौटुंबिक आठवणी संकलित केल्यास ही नोंद काही अंशी पूर्ण होऊ शकेल. स्थानिक इतिहासलेखनापुढील ते एक तातडीचे व शक्य कोटीतील काम आहे.